मांडवाचे मानकरी

लग्न ठरले, याद्या झाल्या, तिथी निघाली, की यजमानाच्या घरी खलबते सुरू होतात ती माणसांच्या निवडीची : आचारी कोणाला सांगावे, मांडव कोणाकडून घालून घ्यावा, सनई-चौघडा लावावा की बँड बोलवावा, भटजी कोण आणि फुलवाला कोण. चार ठिकाणी चौकशी होते, दर विचारले जातात, घासाघीस होते, इसार दिला जातो. हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, लग्नकार्यात राबणारी माणसे यजमानाने आपल्या पसंतीने निवडावी आणि त्या माणसांनीही काम घ्यावे की न घ्यावे हे आपल्या मर्जीने ठरवावे, ही रीत महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात फार अलीकडची आहे, याचे भान सहसा कोणास राहत नाही. या दोन्ही स्वातंत्र्यांना इतिहास आहे; तो चावडीवर, न्यायकचेरीत आणि कायदेमंडळात घडला असून, त्यासाठी पुष्कळांनी बहिष्कार सोसलेला आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि त्यानंतरही बराच काळ टिकून राहिलेल्या देशावरच्या गावगाड्यात लग्नाच्या कामांसाठी कोणी कोणाला निवडीत नसे. गावाला सुतार होता, कुंभार होता, न्हावी, परीट, चांभार, गुरव, जोशी, महार, मांग होते. आणि गावातील प्रत्येक कुणब्याच्या घरचे कार्य हे त्यांचे वतन होते. खळ्यावर धान्याची रास पडली की तीतून त्यांना बलुते मिळे. बहुतेक गावांत बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी मानलेल्या असत आणि ओळीप्रमाणे वाटा कमी-अधिक होई. तेली, तांबोळी, साळी, माळी, गोंधळी हे अलुतेदार; त्यांचा हक्क त्याहून लहान, पण प्रसंगी तोही चुकत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या सर्व व्यवस्थेचे जे सूक्ष्म निरीक्षण नोंदविले आहे, ते वाचताना ध्यानात येते की, बलुतेदाराचे रोजचे काम आणि लग्नसराईतले काम अशी फारकत तेथे नव्हती. वर्षभर नांगर नीट करणारा सुतारच मांडवाच्या मेढी तासून देई, आणि वर्षभर हजामत करणारा न्हावीच नवरदेवापुढे आरसा धरून उभा राही.

ही कामे नुसती मोजून दाखविली तरी मांडवाचे चित्र उभे राहते. मांडवडहाळे आणावयाचे, म्हणजे आंब्या-उंबराच्या फांद्या गाडीत घालून वाजतगाजत गावात शिरावयाचे. जळणाची लाकडे फोडावयाची. गुरवाने पत्रावळी-द्रोणांचे गठ्ठे पुरवावयाचे. चांभाराने नवरदेवाचा नवा जोडा करावयाचा. तेल्याने हळदीसाठी तेल आणावयाचे. कासाराने वधूला आणि घरच्या सुवासिनींना चुडा भरावयाचा. जिनगराने बाशिंगे करावयाची. मांगाने हलगी वाजवावयाची. रात्री वरात निघाली की न्हाव्याने मशाल धरावयाची. नवरदेव सीमांतपूजनाहून मांडवाकडे निघाला की परीट त्याच्या पुढे पायघड्या घाली. पाऊल पुढे पडले की मागचे धोतर उचलावे, झटक्यासरशी पुढे पसरावे, पुन्हा मागचे उचलावे, आणि मांडवाच्या दारापाशी शेवटची घडी अंथरून आपल्या हक्काच्या नाण्यासाठी हात पुढे करावा. त्या नाण्यावाचून नवरदेवाचे पाऊल आत पडत नसे, आणि त्यात परटाला याचना वाटत नसे की यजमानाला अडवणूक वाटत नसे.

कुंभाराचे काम तर विशेष पाहण्याजोगे होते. मांडवातल्या बहुल्याच्या चारही कोपऱ्यांना मडक्यांच्या उतरंडी रचावयाच्या, मोठे मडके खाली आणि त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. प्रत्येकावर चुन्याची बोटे ओढावयाची आणि मधून गेरूचे ठिपके द्यावयाचे. ही मडकी कुंभाराने पाठवून द्यावी असा प्रघात नव्हता. घरच्या सुवासिनी वाजंत्री लावून कुंभारवाड्यात जात, चाकाची पूजा करीत, कुंभारणीची खणानारळाने ओटी भरीत, तिला शिधा देत आणि मग ती ऐरणीची बोळकी मिरवीत घरी आणीत. एरवी वर्षभर जिच्या दारी केवळ घागर-परळासाठी माणूस जाई, त्या कुंभारणीच्या दारी त्या दिवशी यजमानाचे घर स्वतः चालत जाई. श्रमाला असा पूजेचा मान देण्याची जी जाण या एका विधीत दिसते, ती आपल्या जुन्या समाजाच्या उत्तम संस्कारांपैकी एक आहे, असे मला मनापासून वाटते.

परंतु त्या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा होईल. जेथे मान हक्काने मिळे, तेथे अपमानही हक्कासारखाच वंशपरंपरेने चाले. ज्या महाराने लाकडे फोडून चुली पेटत्या ठेवल्या आणि ज्या मांगाच्या वाद्यावर वरात नाचली, त्यांना मांडवाच्या सावलीत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. पंगती उठल्यावर उरलेसुरले, प्रसंगी पानावरचे उष्टे, हे त्यांचे ‘हक्क’ म्हणून गणले जात. काम नको म्हणण्याची त्यांना सोय नव्हती, कारण काम टाकणे म्हणजे गाव टाकणे होते. यजमानालाही मोकळीक नव्हती. पाटील-कुलकर्ण्यांचे मानपान, पहिला विडा कोणाचा आणि पहिला टिळा कोणास, वाजंत्री कोणाच्या दारावरून न्यावयाची, हे सारे ठरलेले असे. त्यात तसूभर फरक पडला तर तंटे गोतसभेपुढे जात, महजर होत, आणि निवाडा सरकारदरबारी नोंदला जाई. सरकार तरी निराळे कोठे होते? लग्नावर लग्नटका आणि विधवेच्या पाटावर पाटदाम अशा पट्ट्या रयतेकडून वसूल होत होत्याच.

वतन ही मालमत्ता होती, हे या व्यवस्थेचे मर्म. बलुतेदाराची वृत्ती भावाभावांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. आणि मालमत्तेचे रक्षण हे आपले पहिले कर्तव्य मानणाऱ्या इंग्रजी न्यायासनाने जेव्हा या प्रांताचा कारभार हाती घेतला, तेव्हा या वृत्ती मोडण्याऐवजी प्रथम अधिकच पक्क्या झाल्या. ग्रामजोश्याच्या बाबतीत याचे विपरीत फळ दिसून आले. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून लग्न लाविले, तर गावच्या वतनदार जोश्याने दिवाणी न्यायालयात जाऊन, न केलेल्या कार्याची दक्षिणा भरून मागावी, आणि न्यायालयाने तो त्याचा मालकी हक्क म्हणून मान्य करावा, असे दावे मुंबई इलाख्यात चालत. १८७४ च्या वतन कायद्याने तर वंशपरंपरागत हुद्द्यांची रीतसर चौकटच आखून दिली. ज्याच्या तोंडून मंगलाष्टके ऐकावयाची तो पुरुष निवडण्याचा अधिकार मुलीच्या बापाला नाही, ही गोष्ट त्या काळी कायद्याने खरी होती.

या कोंडीवर पहिला निर्धाराचा घाव घातला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झाला, आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट यांचा विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून, अत्यंत साधेपणाने लावण्यात आला. पुढे जुन्नर तालुक्यात ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न याच पद्धतीने केले, तेव्हा ग्रामजोश्यांनी फिर्याद केली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत लढविला गेला. एका खेड्यातल्या पाटलाने आपल्या मांडवात कोण बसेल आणि कोण बसणार नाही हे स्वतः ठरविण्यासाठी एवढा खर्च, एवढा मनस्ताप आणि स्वजनांचा एवढा रोष पत्करावा, ही गोष्ट साधी नाही. जोतीरावांनी १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिका छापली ती याच हेतूने, की विधीच्या ज्ञानाची मक्तेदारी एका घराण्याकडे राहू नये आणि ज्याला जो योग्य वाटेल त्याच्याकडून कार्य करून घेण्याचे साधन सामान्य माणसाच्या हाती यावे.

त्यानंतरची पन्नास-पाऊणशे वर्षे या एकाच दिशेने गेली. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये बलुतेदारीचे बंधन उठवून कोणीही कोणताही धंदा करावा अशी मोकळीक दिली. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये कायदा झाला आणि जे धर्मकार्य आपण केलेच नाही त्याचे शुल्क मागण्याचा वतनी हक्क निकालात निघाला. यजमानाची निवड त्या वर्षापासून कायद्याने त्याची झाली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांची दृष्टी मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसावर होती : त्याला काम नाकारण्याचा आणि केलेल्या कामाचे रोख मोल घेण्याचा अधिकार हवा होता. ते विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा उजाडावा लागला. सांगणाऱ्याला निवड १९२६ मध्ये मिळाली आणि राबणाऱ्याला नकार १९५८ मध्ये, हे अंतर आपण विसरू नये.

शहरांत मात्र कायद्याच्या आधीच बाजाराने हे काम आरंभिले होते. पुण्यासारख्या नगरीत तांबट आळी, बुरूड आळी अशा धंद्यांच्या वस्त्या होत्याच. तेथे सूप-रोवळी घ्यावयाची ती ज्याचा माल चांगला त्याच्याकडून. वाड्याच्या चौकात चार-चार दिवस चालणारी लग्ने जागेच्या टंचाईने आणि नोकरीच्या वेळापत्रकाने आक्रसत गेली, भाड्याच्या बिऱ्हाडात मांडव घालावा कोठे हा प्रश्न आला, आणि मंगल कार्यालय ही संस्था जन्मास आली : जागा, भांडी, पाणी, आचारी-वाढपी सगळे एका छताखाली, ठरल्या दराने. छावण्यांतल्या लष्करी बँडचे सूर ऐकून, पिढ्यान्‌पिढ्या वाद्य वाजविणाऱ्या जातींतल्या कलावंतांनी पितळी शिंगे हाती घेतली, गणवेश शिवले, मालकीचे ब्रास बँड उभारले; काल ज्याला बलुत्यासाठी खळ्यावर तिष्ठावे लागे, तो आज बयाणा घेतल्याशिवाय तारीख देईनासा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, मुंबईत धान्याचे रेशनिंग आले आणि पाचशे पानांच्या पंगती थंडावल्या. चहा-फराळाचा वा नुसत्या पानसुपारीचा स्वागत-समारंभ प्रतिष्ठित झाला, आणि आचाऱ्याच्या जोडीला उपाहारगृहाचा चालक लग्नघरी ये-जा करू लागला.

हा प्रवास उन्नतीचा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कुंभाराच्या चाकाची पूजा लोपली म्हणून हळहळणाऱ्याने मांडवाबाहेरच्या पंगतीचेही स्मरण ठेवावे. तथापि हक्क जाऊन करार आला तेव्हा, पूर्वीच्या व्यवहारात मान नावाचा जो अंश होता, तोही आपण बेफिकिरीने टाकून दिला काय, हा विचार प्रत्येक यजमानाने करण्यासारखा आहे. जुन्या व्यवस्थेत परटाचे नाणे नवरदेवाचे पाऊल मांडवात पडण्यापूर्वीच पदरात पडे. आज मांडववाल्याचा, वाजंत्र्याचा, आचाऱ्याच्या हाताखालच्या बायांचा हिशेब ‘कार्य उरकले की पाहू’ म्हणून महिनोन्‌महिने लांबविला जातो, आणि इसार देताना केलेली गोड बोलणी शेवटच्या हप्त्याच्या वेळी आठवत नाहीत. कसूर दोन्हीकडे घडते. एकाच मुहूर्तावर दोघांना शब्द देणारा आचारीही आहेच. पण शब्द मोडण्याचे धैर्य बहुधा त्याला होते ज्याने माणूस न पाहता केवळ दर पाहिला किंवा केवळ गिऱ्हाईक पाहिले.

म्हणून माणसे निवडताना आपल्या गावची, आपल्या पेठेतली, ज्यांचे काम कोणाच्या तरी कार्यात डोळ्यांनी पाहिले आहे अशी निवडावी. ज्याला उद्याही याच रस्त्याने जावयाचे आहे, तो आज अन्न नासू देत नाही आणि मांडवाचा खांब कच्चा रोवीत नाही. आणि यजमानालाही उद्या त्याच्याच दुकानावरून जावयाचे असल्याने तोही पैसे बुडवू शकत नाही. काय द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, किती पाने, किती वाढपी, पाऊस आला तर काय, हे स्वच्छ कागदावर लिहून दोघांनी सही करावी. कारण लेखी करार हा अविश्वास नसून, तोंडी हक्काच्या नावाखाली शतकानुशतके ज्या दुबळ्यांना नाडले गेले त्यांच्यासाठी मिळविलेले ते संरक्षण आहे. कबूल केलेली रक्कम पाहुणे परतण्यापूर्वी चुकती करावी. आणि वाजंत्री, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया यांचे पान आपल्या पाहुण्यांच्या पंगतीतच, त्याच मांडवाखाली, त्याच पदार्थांनी वाढावे. जोतीरावांनी, शाहू छत्रपतींनी आणि बाबासाहेबांनी जे मिळवून दिले ते कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित आहे. त्याचे आचरण मात्र ज्याच्या घरी लग्न निघाले आहे त्यानेच करावयाचे आहे.