बैलगाडीचे चाक आणि जीपची उंची

गोदाकाठच्या शहागडची माती काळी, चिकण. अशा चिखलातून वाट काढायची तर वाहनाचा आस भुईपासून उंच हवा. जुन्या बैलगाडीला स्प्रिंगा नव्हत्या. धाव चढवलेले उंच लाकडी चाकच तिचा आस उचलून धरी.

१९४० च्या दशकाअखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली. १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली. दोन्ही अखंड आसाच्या, पाट्यांच्या स्प्रिंगांच्या. अशा गाडीत लिफ्टने केवळ सांगाडा उंचावतो व मोठ्या टायरला जागा होते. आस उचलतो तो टायरच. व्यास २ इंच वाढला, तर आस १ इंच वर जातो.

मात्र उंचीबरोबर वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. जड चाकाचे ओझे तेव्हा बैलांवर पडे, आज ते इंजिन आणि ब्रेकवर पडते. म्हणूनच गरजेपुरतीच उंची शहाणपणाची.