चोपण जमीन : जिप्सम टाकावे की गंधक?

कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे जादा पाणी देऊन काळ्या जमिनी बिघडल्या आहेत. पण बिघडलेली प्रत्येक जमीन चोपण नसते. वर पांढरे क्षार दिसतात आणि माती भुसभुशीत आहे, तर ती क्षारयुक्त; तिला चांगला निचरा व गोडे पाणी पुरते, जिप्समचा खर्च वाया जातो. सामू ८.५ च्या वर, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त, ओली असता चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी, ती चोपण.

सोडियमच्या आयनावर एक धनभार असतो, कॅल्शियमच्या दोन. त्यामुळे चिकणमातीचे कण कॅल्शियमला घट्ट धरतात, सोडियम सुटतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. प्रश्न एवढाच, की कॅल्शियम आणायचा कुठून?

कोरड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका (हातमोजे घालून). जोरात फसफसली, तर चुनखडी आहे. म्हणजे कॅल्शियम शेतातच आहे, फक्त विरघळत नाही. तिथे गंधक उपयोगी पडते. मातीतले जिवाणू गंधकाचे ऑक्सिडीकरण करून गंधकाम्ल बनवतात व ते चुनखडी विरघळवते. रासायनिक हिशेबाने १ किलो शुद्ध गंधक सुमारे ५.४ किलो शुद्ध जिप्समचे काम करते. फसफस नसेल, तर जिप्समच घ्यावे.

मात्रा अंदाजाने ठरवू नका, माती परीक्षण अहवालावरून काढा. गंधकाला हवा, ओल आणि काही आठवडे लागतात. पाणी साचलेल्या रानात ते तसेच पडून राहते, म्हणून आधी चर काढा.