शुद्ध ध्वनीचे मोल

अधिक शुद्ध ध्वनीसाठी अधिक पैसे मोजावेत काय, हा प्रश्न आजच्या हाय-रेझोल्यूशन स्ट्रीमिंगहून जुना आहे. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. गायिका मध्येच थांबे, तबकडी गात राही. आणि फरक कळला नाही, असे पुष्कळ श्रोते सांगत. आज त्याच तबकड्यांची खरखर आपल्याला लपत नाही. कान सहज भुलतो, तो असा.

म्हणूनच काय वाजते आहे हे न सांगता परीक्षा घ्यावी लागते. १९८२ साली आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाला ऐकू येणारा, सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी त्यांत मावतो. १,९२,००० नमुने घेतले, तर वाढते ते बहुतांशी कानापलीकडचे. २००७ साली मेयर व मोरन यांच्या चाचणीत श्रोत्यांना हा भेद ओळखता आला नाही. २०१६ साली राइस यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तो आढळला, पण अल्पच.

गौहरजान यांच्या १९०२ च्या मुद्रणात कर्ण्याने जे टिपलेच नाही, ते कोणती वर्गणी देणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा सीडीच्या तोडीचा ध्वनी मिळत असेल, तर उरलेले पैसे चांगल्या हेडफोनला द्यावेत. आणि त्याहून थोडा अधिक वेळ गाण्याला.