काचेच्या डब्याचं वजन

माथेरानच्या छोट्या गाडीला अलीकडे काचेचा डबा जोडतात, व्हिस्टाडोम. त्यातून गेला असाल, तर तुम्ही नक्की बाहेर बघितलं असेल. मी मात्र बराच वेळ छताकडे बघत होतो आणि मनात हिशोब चालला होता, की या काचेचं वजन किती असेल? भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळल्याचा हा दुष्परिणाम.

या प्रश्नाच्या मागे मजेशीर इतिहास आहे. जगातल्या बऱ्याच नॅरोगेज रेल्वे माणसांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. वेल्समधली फेस्टिनिऑग रेल्वे घ्या. 1836 साली ती सुरू झाली ती डोंगरातल्या खाणींतून पाटीचा दगड बंदरावर आणायला. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली यायच्या, रिकाम्या घोडे वर ओढायचे. प्रवासी आले 1865 मध्ये. पुढे दगडाचा धंदा बसला, 1946 मध्ये रेल्वे बंद पडली. 1950च्या दशकात हौशी मंडळींनी ती पुन्हा उभी केली आणि नंतर गाडीला निसर्ग बघण्यासाठी मोठ्या काचांचे खास डबे आले. म्हणजे तिथे आधी दगड विकला, तो संपल्यावर देखावा.

माथेरानला उलटं झालं. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे पोचले आणि मुंबईच्या उन्हाला कंटाळलेल्यांसाठी थंड हवेचं ठिकाण तयार झालं. 1904 ते 1907 या काळात सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वे बांधली. खर्च सुमारे 16 लाख रुपये. खाण नाही, बंदर नाही. हवा आणि देखावा हाच इथला माल.

सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. घाटाचा चढ 20 फुटांना 1 फूट आणि वळणं अशी, की जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांच्या टोकाच्या चाकांना वळणानुसार सरकायची सोय करावी लागली. एवढी वळणं घ्यायची म्हणूनच गेज अरुंद, अवघं 610 मिलिमीटर. मुंबईच्या लोकलचं 1676.

आता काचेकडे येऊ. 2 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण 16 किलो भरतो. 12 मिलिमीटर काच भरते 30 किलो. म्हणजे पत्र्याच्या जागी काच घातली की वजन वाढतं आणि तेही सगळ्यात वर, छतावर. वर काचेतून ऊन आत येतं, उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर जात नाही, म्हणून एसी हवा. त्याचंही वजन आलंच.

समजा, वळणाची त्रिज्या 20 मीटर आहे आणि डब्याचा गुरुत्वमध्य रुळांपासून 1 मीटर उंच आहे. सपाट रुळांवर असा डबा ताशी सुमारे 28 किलोमीटरला कलंडायच्या बेताला येईल. गुरुत्वमध्य 20 सेंटिमीटर वर सरकला, की हाच आकडा 25 वर येतो. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, प्रत्यक्ष डब्याचे नाहीत. पण या घाटात गाडीचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत का ठेवतात, ते यावरून कळतं. घाबरू नका, वेग पाळला की डबा सुरक्षितच आहे. मुद्दा एवढाच, की 610 मिलिमीटरवर चुकायला जागा फार थोडी असते.

दुसरा हिशोब चढाचा. या चढावर दर टन वजनाला फक्त वर खेचायलाच 50 किलोच्या वजनाएवढा जोर लागतो, घर्षण वेगळं. म्हणून इंजिनामागे डबे मोजकेच. त्यातला एक काचेचा केला, तर कुठला कमी करायचा? सेकंड क्लासचा, की सामानाचा?

प्रश्न साधा वाटेल, पण माथेरानमध्ये मोटारी जात नाहीत, दस्तुरीलाच थांबतात. तिथून पुढे पाय, घोडा किंवा अमन लॉजहून सुटणारी शटल. 2005च्या 26 जुलैच्या पावसात हा मार्ग पार उखडला. 2019च्या पावसानंतर नेरळहून येणारी गाडी ऑक्टोबर 2022 पर्यंत बंद होती. तेव्हा पर्यटकांनी दुसरं ठिकाण शोधलं असेल, गावकऱ्यांनी कुठे जायचं? देखाव्यासाठी बांधलेल्या रेल्वेवर एव्हाना एक गाव जगायला लागलंय.

काचेचा डबा नको, असं मला म्हणायचं नाही. त्याच्या तिकिटामुळे उत्पन्न वाढत असेल, तर त्या पैशातून आधी घाटातल्या मोऱ्या आणि संरक्षक भिंती पक्क्या व्हाव्यात, एवढंच वाटतं. पुढच्या वेळी त्या डब्यात बसलात, तर खिडकीतून खालचे रूळ एकदा नीट बघा. आणि गाडीत सामानाचा डबा आहे का, तेही.