वळिवड्याच्या मडमा आणि थोरली आई

आमच्या थोरल्या आईनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मुंबई तिला लांबची, दिल्ली तर नुसती ऐकीव. पोलंड मात्र तिच्या पक्क्या ओळखीचं. "आपल्या वळिवड्याला हुतं की," असं ती म्हणायची. पुढं भूगोलाच्या पुस्तकात पोलंड युरोपात निघालं. ते तिला दाखवलं तर म्हणाली, "मग गेलं आसंल परत तिकडं."

वळिवडे हे कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेच्या रेल्वेमार्गावरचं, पंचगंगेकाठचं गाव. १९४३ साली तिथं पाचेक हजार पोलिश माणसांची छावणी वसली. बहुतेक बायका आणि पोरं. कर्ते पुरुष लढाईवर, नाहीतर मेलेले, नाहीतर बेपत्ता. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया पोलंडात घुसले. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियनांनी घरातून उठवलं, गुरांच्या डब्यात कोंबलं आणि सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली. मग जमेल तसे हे लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले, तिथून कराची आणि कराचीहून आपल्याकडं. त्याआधी, १९४२ साली, जामनगरच्या जामसाहेबांनी शेकडो पोलिश पोरांना बालाचडीला आसरा दिला होता. ती पोरं त्यांना बापू म्हणत. आमच्याकडं संस्थानानं जागा दिली, खर्च लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर पडला. कौलारू बराकी उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाची जागा, सगळं झालं.

हे मी पुस्तकांतून वेचलेलं. थोरल्या आईच्या तोंडी हाच इतिहास दोन वाक्यांत यायचा. "बर्फात ऱ्हायल्या हुत्या बिचाऱ्या. लेकरं वाटंतच मेली म्हणं."

हे 'म्हणं' तिला कुणी सांगितलं, कुठल्या भाषेत सांगितलं, देव जाणे. ती तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, सतरा-अठरा वर्षांची असेल. सासूच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, मागोमाग डोक्यावर चरवी घेऊन ती छावणीत दूध घालायला जायची. रोज, की एक दिवसाआड, यावर तिच्यात आणि धाकट्या आजीत शेवटपर्यंत वाद होता. व्यवहार सगळा खाणाखुणांचा. पोरं मात्र महिन्या-दोन महिन्यांत मराठी उचलायची, आणि त्यातही आधी शिव्या, असं धाकटी आजी डोळे मिचकावून सांगायची.

पणजीची एक रीत होती. शेराचं माप काठोकाठ भरून मडमेच्या भांड्यात ओतलं की चरवी वाकडी करून वर आणखी एक धार सोडायची. ज्या घरात तान्हं पोर, तिथं ती धार लांबायची. थोरली आई नवी सून, हिशेबाला पक्की. तिनं एकदा वाटेत धीर करून विचारलं, की आत्याबाई, एवढं वर घातलं तर आपल्याला काय उरणार? पणजी म्हणाली, "मापाचं पैसं घेतलं न्हवं? वरचं इचारू नगंस." एवढंच. दया, करुणा हे शब्द कीर्तनातले; घरात ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

आणि हे काही सुबत्तेचे दिवस नव्हते. लढाईची महागाई होती, रॉकेल मिळत नव्हतं, जोंधळा मोजून रांधायचा. बंगालात त्याच १९४३ साली दुष्काळानं वीस ते तीस लाख माणसं मेली, असा अंदाज सांगतात. आपल्याच देशातली. ती कुठल्या गाडीत बसून कुठल्या छावणीत आली नाहीत. कलकत्त्याच्या फुटपाथवर भाताची पेज मागत गेली. हे आठवलं की वळिवड्याच्या गोष्टीची गोडी जरा कमी होते, आणि ती व्हावीच. थोरल्या आईला बंगाल ठाऊक नव्हता. पणजीची धार जिथवर पोचत होती तिथवरच पोचली.

गुऱ्हाळाच्या दिवसांतली गोष्ट तिची विशेष आवडती. आमच्याकडं गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला, तो वाटसरू असो की वैरी, रस नाहीतर काकवी दिल्याशिवाय पाठवत नाहीत. छावणीतली पोरं वासानं येऊन चुलवाणाजवळ उभी राहिली. काहिलीत रस रटरटत होता, मळी काढून झाली होती, गुळव्या फावडीनं ढवळत पाकाकडं डोळे लावून बसलेला. तो तसा भारी तापट. पोरं भाजतील म्हणून आधी खेकसला. मग उसाच्या कांडक्या सोलून एकेक पाकात बुडवली, गार पाण्यात धरली आणि त्यांच्या हातात दिली. चिकट गुळानं दात धरले. एका पोरीनं अर्धी कांडी चाटून उरलेली झग्याच्या खिशात घातली. "आईला न्यायला," थोरली आई सांगायची आणि हमखास पदर डोळ्याला लावायची. त्या खिशाचं पुढं काय झालं असेल, ही चिंता फक्त धाकटीला.

त्या बायकांच्या खाण्याबद्दलही आमच्या घरात बरीच माहिती होती, त्यातली निम्मी खोटी असावी. बिटाचा लालभडक रस्सा करतात, हे मात्र खरं. "त्यांचाबी तांबडा रस्सा," असं सांगून थोरली आई लगेच पुरवणी जोडायची, "पर त्यात मटण न्हाई, तिखाट न्हाई. कशाला करायचा मग?" कोल्हापुरी माणसाची सहानुभूती इथं संपते.

पणजीची ती वरची धार कुठून आली, याचा माग घेत गेलं की गोष्ट १९१८ ला जाऊन पोचते. मानमोडीचं साल. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेल्या त्या तापाला आपल्याकडं हेच नाव पडलं होतं. पणजी तेव्हा परकरी पोर, माहेरी. घरातली सगळी एकदम आडवी झाली. भावकी फिरकेना. तेव्हा गावकुसाबाहेरच्या एका बाईनं, जिला उंबऱ्याच्या आत पाय टाकायची मुभा नव्हती, आठ दिवस दारात पाण्याची कळशी आणि कण्यांचं गाडगं आणून ठेवलं. घरानं ते निमूट खाल्लं, पाणी प्यालं आणि जगलं. विटाळ कुठं गेला तेव्हा, असं माझ्या वडिलांनी एकदा पणजीला विचारलं होतं. ती गप्पच बसली म्हणे. साथ सरली आणि विटाळ परत आला.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्याकडं निघाल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. हे पुस्तकांत आहे, असायलाच हवं. पण आमच्या घरच्या मानमोडीतल्या बाईचं नाव आज भावकीत कुणालाही सांगता येत नाही. दूध घेणाऱ्या मडमेचं नाव मात्र सांगता येतं: येवा. एवा असणार. सातासमुद्रापारच्या बाईचं नाव लक्षात राहिलं आणि हाकेच्या अंतरावरचीचं राहिलं नाही, यात आमच्या घराचा बराच इतिहास आला.

१९४८ साली छावणी उठली. त्यांचा पूर्व पोलंड रशियाच्या घशात गेलेला, त्यामुळं परत जायला बऱ्याच जणांना घरच उरलं नव्हतं. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत. थोरल्या आईच्या हिशेबानं येवाकडं चार-पाच दिवसांच्या दुधाचे पैसे राहिले. ती बाकी तिनं कधी मागितली नाही, कधी विसरलीही नाही. अधूनमधून म्हणायची, "लांब गेली बाई, न्हाईतर दिलं आसतं तिनं."

त्याच सालच्या सुरुवातीला गांधीजींचा खून झाला आणि आमच्या भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. आमच्या गोठ्यात वैरणीमागं एक कुटुंब दोन रात्री दडलं होतं. पणजी पाटीत भाकरी घालून वर शेण झाकल्याचं सोंग करून न्यायची. ही गोष्ट घरात अभिमानानं सांगतात. मग जाळायला गेलेल्यांत आपल्या भावकीतलं कुणी होतं का, असं मी थोरल्या आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, "चहा निवला बघ तुझा."

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनं सिंधमधून उखडलेली माणसं तिथं आणून वसवली आणि पोलंड कँपाचं गांधीनगर झालं. परागंदा लोकांच्या चुलीवर दुसऱ्या परागंदांनी आधण ठेवलं. आज कोल्हापूर-सांगलीकडं लग्न ठरलं की लोक बस्त्याला गांधीनगरला पळतात ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०१९ च्या सप्टेंबरात त्या छावणीत वाढलेली काही म्हातारी माणसं वळिवड्याला येऊन गेली. महिन्यापूर्वीच पंचगंगेला महापूर येऊन गेला होता, नुकता कुठं गाळ उपसून झालेला, तरी लोकांनी स्वागत झोकात केलं. आमचे काका मुद्दाम गेले होते. परत आल्यावर धाकट्या आजीनं पहिला प्रश्न विचारला, "त्यात येवा हुती का?" नव्हती. वयाचा हिशेब केला तर असणंही कठीण.

सिंधी मंडळी आली तेव्हा थोरल्या आईनं चरवी पुन्हा तिकडंच वळवली होती. आता मडमांऐवजी सलवार-कमीजवाल्या बायका, खाणाखुणा त्याच. त्यातल्या एका घरातल्या पोरानं पुढं खांद्यावर गठ्ठा घेऊन कापड विकलं, मग दुकान थाटलं. आमच्या मोठ्या आत्याचं लग्न निघालं त्या साली गुळाचा भाव पडला होता. आजोबा बस्त्याला गेले ते तोंड पाडूनच. शेठनं पातळं, धोतरं, आहेराचे खण सगळं बांधून दिलं आणि वहीत नावसुद्धा मांडलं नाही. पुढच्या गुऱ्हाळानंतर आजोबा पैसे आणि वर गुळाचा एक रवा घेऊन गेले. शेठनं पैसे दोनदा मोजले, रवा गाडीतून उतरवून घेतला आणि थोरल्या आईसाठी एक इरकली लुगडं दिलं. ते रव्याच्या किमतीपेक्षा भारी होतं, यावर ती आजोबांना वर्षभर बोलत होती.

अजून आमच्याकडचे बस्ते त्याच दुकानात बांधतात. शेठच्या नातवाच्या हाती कारभार आहे. घासाघीस दोन्ही बाजूंनी पोटभर चालते, आणि निघताना लहान पोराच्या अंगावर एखादं झबलं टाकल्याशिवाय तो कुणाला पायरी उतरू देत नाही.