चेटकीण आणि हंटिंग्टन

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये चेटकिणी म्हणून ज्या बायकांना फासावर चढवले, त्या बिचाऱ्या हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराच्या रोगी होत्या, असे वैद्यकाच्या पुस्तकांतूनही वाचायला मिळते. हातपाय आपसूक वेडेवाकडे हलणार, तोंड वाकडे होणार, तोल जाणार. अडाणी लोकांना त्यात सैतान दिसला, इतका हा पूर्वपक्ष सोपा. विवेकवादी मंडळींना तर तो फारच आवडतो.

त्याचे मूळ १९३२ सालच्या एका लेखात आहे. १६३० च्या सुमारास इंग्लंडातल्या सफकमधील ब्यूर्स गावच्या मोजक्या घराण्यांनी हा रोग अमेरिकेत आणला आणि त्यांच्याच लेकीसुना चेटकिणी ठरल्या, असे डॉ. व्हेसी यांनी त्यात मांडले. पुढे वंशावळी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांनी जोडलेले दुवे टिकले नाहीत. शिवाय चौथ्या गुणसूत्रावरचा हा दोष जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उद्भवलेला आहे. त्याला एका गावची गरज नाही.

पण वंशावळी राहू द्या, खटल्यांची हकिकत तरी नीट वाचावी. १६९२ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या सेलमला १९ जणांना फाशी झाली. तिथे अंग पिळवटत होते ते फिर्यादी मुलींचे! त्यांना बाधा झाली असे धरले गेले आणि बाधा करणाऱ्या म्हणून धडधाकट शेजारणी पकडल्या गेल्या. व्हेसींनी ग्रोटनच्या एलिझाबेथ नॅपकडेही बोट दाखवले. तिला १६७१ मध्ये झटके येत होते, पण तिला कोणी फाशी दिली नाही. पुढे तिचा संसारही झाला. हंटिंग्टन असा येऊन जाणारा रोग नव्हे. एकदा सुरू झाला की पंधरा-वीस वर्षे वाढतच जातो.

या रोगाचे गाजलेले वर्णन जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी केले. आधार होता लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टनमधल्या वडील-आजोबांच्या अनुभवाचा. तिथल्या अशा घराण्यांचा इतिहास इतिहासकार ॲलिस वेक्सलर यांनी खणून काढला, तर ती माणसे जमीनजुमला राखून होती, त्यांची लग्ने गावातच होत होती. दुःख होतेच. आईचा रोग आपल्यालाही गाठणार या धास्तीने तिथलीच फीबी हेजेस १८०६ मध्ये समुद्रात शिरली. पण तिला कोणी चेटकीण म्हटले नव्हते.

मग ही कथा कोणाला हवी होती? सुप्रजाशास्त्रवाल्यांना. त्याच लाँग आयलंडवर बसून चार्ल्स डेव्हनपोर्टने १९१६ मध्ये या कुटुंबांची मोठी पाहणी छापली आणि अशा रक्ताला आवर घालण्याचा आग्रह धरला. व्हेसींच्या शापित घराण्यांनी त्या आग्रहाला तीनशे वर्षांची वंशावळ पुरवली. मारणाऱ्यांचा दोष मेलेल्यांच्या मेंदूत शोधणारी ही उपपत्ती विज्ञानही नाही आणि दयाही नाही. ती छापून आली त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९३३ मध्ये, नाझी जर्मनीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत हंटिंग्टनचे नाव होते.