कोल्हापूरची विद्यार्थी वसतिगृहे

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उभी राहिलेली, बहुतांशी जातवार वसतिगृहे. स्थानिक बोलीत 'बोर्डिंग'. 1896 चे राजाराम वसतिगृह सर्वांसाठी होते, पण तेथे प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा व दिगंबर जैन, 1908 मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातल्या पोरांना निवारा मिळाला, आयुष्यभराचे सोबतीही. भिंती मात्र जातीच्याच राहिल्या. मिस क्लार्कच्या समारंभाहून परतल्यावर विटाळाची अंघोळ नाकारणाऱ्या विद्यार्थी भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. जातवार वसतिगृहांची ही तडजोड त्या काळी अपरिहार्य होती, आदर्श नव्हे. भाऊरावांनी पुढे 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली ठेवणारे वसतिगृह काढले आणि त्याला शाहूंचेच नाव दिले.